लाईव्ह उपासना आणि आम्ही चौघं

आमच्या चर्चमध्ये वीस वर्षांत हसण्यासारखं जेवढं घडलं नाही, तेवढं आम्ही ऑनलाईन गेल्यापासून घडलंय. हॉलमधल्या उपासनेत काही चुकलं तर माणसं हसू दाबतात, खोकल्यात ढकलतात, घरी पोचेपर्यंत विसरतात. मोबाईलवर तसं नाही. तिथं चूक रेकॉर्ड होते, आणि संध्याकाळपर्यंत तुमची नणंद ती तुम्हालाच फॉरवर्ड करते!

आमचं चर्च म्हणजे सिडकोत चष्म्याच्या दुकानावरचा एक हॉल. इंटरनेटच्या सेवेत आम्ही चौघं. पास्टर शमुवेल बोलायला गंभीर, उच्चार एकदम स्वच्छ. विल्सनभाऊ एरवी लग्नाचं शूटिंग करतो, रविवारी आमचा कॅमेरा धरतो. लिलामावशी रिटायर्ड नर्स, वय चौऱ्याहत्तर. प्रार्थनेच्या विनंत्यांचा फोन त्यांच्याकडे. आणि मी सुषमा. शाळेत गणित शिकवते आणि लाईव्ह चालू असताना कमेंट सांभाळते.

*

पहिलंच लाईव्ह. विल्सनभाऊनं स्टँडवर मोबाईल लावला, पास्टरसाहेब उभे राहिले, सगळं झकास. फक्त लोकांच्या स्क्रीनवर पास्टरसाहेब आडवे दिसत होते!

आम्हाला पत्ताच नाही. प्रवचन पाऊण तास चाललं. संपल्यावर लिलामावशींचा फोन वाजला. करमाडहून त्यांचे चुलत दीर.

"वहिनी, पास्टरांची तब्येत बरी हाय ना?"

"का हो?"

"नाय, झोपूनच बोलत व्हते म्हणून इचारलं."

पुढच्या रविवारी आम्ही चारदा तपासून मोबाईल सरळ लावला. मला वाटलं, आता तरी कौतुक होईल. तर करमाडहून मेसेज आला, "मागच्या टायमाला खाटंवर पडून नीट बघता येत व्हतं. तसंच ठेवा."

*

मग आला शुभ शुक्रवार. वर्षातला सगळ्यात दुःखाचा दिवस. हॉलमध्ये काळा पडदा, मेणबत्त्या, कोणी मोठ्यानं श्वासही घेत नव्हतं. पास्टरसाहेब खिळ्यांबद्दल बोलत होते, त्यांचा आवाज भरून आला होता.

मी कमेंट उघडल्या. पहिली कमेंट, "अभिनंदन!" दुसरी, "मुलगी कुठली?" तिसरी, "जेवणाचा हॉल कुठं आहे, पत्ता टाका."

मी स्क्रीन पाहिली. पास्टरसाहेबांच्या डोक्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या! टपाटप! आणि खाली सोनेरी अक्षरांत, "दोन्हीकडील मंडळींचे हार्दिक स्वागत." विल्सनभाऊनं आदल्या दिवशीच्या लग्नाचं सेटिंग तसंच ठेवलं होतं.

मी खुणा केल्या, ओढणी हलवली. विल्सनभाऊला वाटलं मला उकडतंय. त्यानं पंखा लावला. मेणबत्त्या विझल्या.

उपासना झाल्यावर पास्टरसाहेबांनी रेकॉर्डिंग पाहिलं. मग म्हणाले, "विल्सन, हे गुलाब?"

विल्सनभाऊ पार रडवेला झालेला. म्हणाला, "साहेब, पाकळ्या आपोआप पडायल्या. मला दिसलंच नाही. पण देवाशपथ सांगतो, सनई मी वेळेत बंद केली!"

*

विनंत्यांचं सांगते. लोक फोनवर मेसेज करतात, पास्टरसाहेब नाव न घेता लाईव्हमध्ये वाचतात, मग सगळे मिळून प्रार्थना करतो. एकदा त्यांनी वाचलं, "एक बंधू चितेगावहून लिहितात, माझ्या बायकोच्या जिभेला लगाम बसावा." प्रार्थना झाली. लगेच पुढची, "एक भगिनी लिहितात, माझा नवरा कंपनीत सगळ्यांशी हसून बोलतो, घरी आल्यावर कुलूप लागतं, त्याचं तोंड उघडावं." तीही प्रार्थना झाली.

दोन मिनिटांनी कमेंट आली. एका पुरुषाची. "ती दुसरी विनंती कुठल्या गावची?"

तिच्याखाली एका बाईची. "आधी पहिल्याचं नाव सांगा."

त्याखाली पुरुष, "तू किचनमध्ये बसून बघतीस का?"

बाई, "बाहेर या, सांगते."

त्यानंतर दोघंही ऑफलाईन! आम्ही चौघं आठवडाभर काळजीत. लिलामावशी तर त्या दोघांसाठी उपास करायच्या बेतात होत्या. पुढच्या रविवारी ते जोडपं हॉलमध्ये हजर. चितेगावहून मोटरसायकलवर आलेलं, शेजारी शेजारी बसलेलं. मी दबकत विचारलं, "काय मग, कसं काय?"

नवरा म्हणाला, "सहा वर्षांचं सगळं बोलून झालं मॅडम. आता दोघांकडं पण बोलायला काही उरलं नाही, म्हणून म्हटलं चला प्रवचन ऐकू!"

*

कोणीतरी सांगितलं, खाली आपोआप अक्षरं उमटतात ते चालू करा, कमी ऐकू येणाऱ्यांना बरं पडेल. चांगली कल्पना. चालू केलं.

ते यंत्र "प्रभू"ला कधी "प्रभा" लिहायचं, "मंडळी"ला "मंडई". इतपत ठीक होतं. पण त्याला "आमेन" काही केल्या कळेना. त्याच्या कानांना "आमेन" म्हणजे "आम्ही नाही!"

त्या दिवशी पास्टरसाहेब जोशात होते. विचारत होते आणि हॉल गर्जून उत्तर देत होता. स्क्रीनवर असं उमटलं:

"आपण शेजाऱ्यावर प्रेम करणार का?"

"आम्ही नाही."

"आपण खोटं बोलणं सोडणार का?"

"आम्ही नाही. आम्ही नाही."

"आणि रोज पहाटे प्रार्थनेला उठणार का?"

"आम्ही नाही!"

पास्टरसाहेबांचे एक जुने मित्र आहेत, कानानं अधू, ते घरून अक्षरं वाचत उपासना बघतात. सोमवारी त्यांचा लांबलचक मेसेज आला. शेवटचं वाक्य होतं, "आजवर खूप मंडळ्या पाहिल्या, पण इतकी प्रामाणिक मंडळी पहिल्यांदाच पाहिली."

*

बुधवारी आमची व्हिडिओ कॉलवर प्रार्थना असते. एकेकानं करायची. लिलामावशींची पाळी आली की माणसं पाठीला उशी लावून बसतात, कारण त्या आजारी माणसापासून सुरू करतात आणि त्याच्या सगळ्या पाहुण्यारावळ्यांपर्यंत जातात.

एका बुधवारी त्यांनी डोळे मिटले, हात जोडले, ओठ हलायला लागले. आवाज येईना. माईक बंद! सांगणार कोण? त्यांचे डोळे मिटलेले. मी मेसेज टाकले, पण मोबाईल त्यांनी समोर उभा केलेला आणि बघायला डोळे उघडे पाहिजेत ना! फोन केला तर त्यांनी डोळे न उघडता अचूक बोट लावून तो कापला. बावीस मिनिटं आम्ही त्यांचे ओठ बघत बसलो. मध्येच त्यांना रडू आलं, तेव्हा आम्हालाही आलं. का, ते माहीत नाही.

शेवटी डोळे उघडले. पास्टरसाहेब हळूच म्हणाले, "मावशी, माईक बंद होता. आम्हाला काहीच ऐकू आलं नाही."

मावशींनी चष्मा लावला. म्हणाल्या, "मी तुमच्याशी बोलतच नव्हते!"

*

लिलामावशींचाच अजून एक. दुपारी त्यांना एक व्हिडिओ कॉल आला. पोलिसाच्या वेशातला एक तरुण माणूस, मागे झेंडा, कडक आवाजात हिंदी. "आपके नाम का पार्सल पकडा गया है. नशे का सामान है."

मावशी म्हणाल्या, "नशा बहुत बुरी चीज है बेटा. तुम लेते क्या?"

तो गडबडला. म्हणाला, "मैं इन्स्पेक्टर हूँ! आप डिजिटल अरेस्ट में हो! कॉल काटना नहीं! सामने से हिलना नहीं!"

इथं त्याचं चुकलं. मावशींनी मला नंतर सांगितलं, "सुषमा, आजपर्यंत ज्याला फोन केला तो म्हणायचा, मावशी नंतर बोलू, गॅसवर दूध आहे. हा पहिलाच भेटला जो म्हणाला, फोन ठेवायचा नाही!"

मग काय! मावशींनी पाण्याचा तांब्या जवळ घेतला आणि सुरुवात केली. जगाच्या उत्पत्तीपासून. मधे मधे तो धमकी द्यायचा, मावशी म्हणायच्या, "हां हां, वो भी देखते, पहले ये सुन." चाळीस मिनिटांनी त्यांनी नर्सच्या नजरेनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "डोळं पिवळं दिसायलेत तेरे. कावीळ हुई क्या? माँ कहाँ है तेरी?"

त्यानं टोपी काढली. माँ गावाकडे असते म्हणाला, दोन वर्षांत घरी गेला नव्हता. मावशींनी त्याला आधी दवाखाना सांगितला, मग काय खायचं ते, मग आईला फोन लावायला सांगितलं, आणि मग त्याच्यासाठी प्रार्थना धरली. ती किती लांबते, ते तुम्हाला आता माहीत आहे.

शेवटी तो हात जोडून म्हणाला, "अम्मा, अब मेरे कू छोड दो."

मावशी म्हणाल्या, "हिलना नहीं! अभी आमेन नहीं हुआ!"

मी आणि विल्सनभाऊनं त्यांना घेऊन जाऊन रीतसर तक्रार केली. मावशींनी ती करू दिली. पण त्यांच्या प्रार्थनेच्या यादीत, आजारी माणसांच्या खाली, अजून एक नाव आहे: "इन्स्पेक्टर, कावीळ."

*

आणि हे बिडकीनचं.

पास्टरसाहेबांनी एका रविवारी हरवलेल्या मेंढराचा दाखला सांगितला. शंभरातलं एक चुकतं, मेंढपाळ नव्व्याण्णव रानात सोडून त्याला शोधायला जातो. लोक भारावून गेले. उपासना संपते न संपते तोच मावशींचा फोन वाजला. "त्या बोलणाऱ्या साहेबांना द्या." मी स्पीकर लावला.

"बाजीराव कोकरे बोलतोय, बिडकीनहून. आमची मेंढरं हायेत. आता, मी काय तुमच्यात येणार नाय बरं का, आमचा बिरोबा हाय. पण जावयाच्या मोबाईलवर लागलं म्हणून ऐकलं. लई चांगलं बोलता. फक्त एक सांगा. नव्व्याण्णव मेंढरं त्यानं कुणाच्या हवाली केली?"

पास्टरसाहेब म्हणाले, "ती... रानात होती."

"रानात? उघड्यावर? कुत्रं तरी ठेवलं व्हतं का? साहेब, तुम्ही मेंढरं बघितलीत का कधी?"

पास्टरसाहेबांनी फोन ठेवला आणि ते खुर्चीत बसले. म्हणाले, "पंधरा वर्षं मी मेंढरांवर बोलतोय सुषमाताई. एकाला कधी हात लावलेला नाही."

पुढच्या शनिवारी आम्ही चौघं विल्सनभाऊच्या गाडीतून बिडकीनला. कंपन्यांसाठी आखलेले रुंद रुंद रस्ते, विजेचे नवे खांब, आणि अजून कंपनी न आलेल्या प्लॉटवर गवत. त्या गवतात कोकऱ्यांची मेंढरं. कोकरे उंच, साठीचे, पांढरं मुंडासं, खांद्यावर घोंगडी. पास्टरसाहेबांनी विचारलं, इथूनच लाईव्ह करू का? ते म्हणाले, "करा की. फकस्त खोटं बोलू नका."

लाईव्ह सुरू झालं. पास्टरसाहेबांनी एक कोकरू उचलून खांद्यावर घेतलं. कोकरानं तिथंच काम उरकलं. पांढरा सदरा मागून ओला झाला, पण साहेब बोलत राहिले! त्यांनी मेंढरांना "या, या" म्हणून पाहिलं. एकानंही मान वर केली नाही. मग कोकरेदादांनी तोंडाला हात लावून हाक मारली, "हिर्र्र्र याऽऽ याऽऽ!" आणि सगळा कळप त्यांच्याकडं वळला. कोकऱ्यांनी त्यांना बाभळीचा पाला टाकला. विल्सनभाऊनं ती हाक आपल्या दुसऱ्या मोबाईलमध्ये वेगळी रेकॉर्ड करून घेतली.

मग आम्ही चहाला बसलो. लाईव्ह माझ्या हातात चालूच होतं. मेंढरं पुन्हा गवतात पांगली होती. विल्सनभाऊ गाडीपाशी गेला आणि रेकॉर्डिंग नीट आलंय का बघायला त्यानं ते मोठ्या आवाजात लावलं.

"हिर्र्र्र याऽऽ याऽऽ!"

शंभर माना एकदम वर! आणि सगळा कळप, चहा पिणाऱ्या कोकऱ्यांना वळसा घालून, विल्सनभाऊकडं पळत सुटला! विल्सनभाऊ गाडीच्या बॉनेटवर चढला. मेंढरं चारी बाजूंनी. मोबाईल त्याच्या हातात ओरडतोय आणि त्याला बंद करायचं बटण सापडेना! मावशी टाळ्या वाजवायल्या, कमेंटमध्ये हालेलुयाचा पाऊस!

पास्टरसाहेब उठून उभे राहिले. डोळे चमकत होते. "बघितलंत कोकरेदादा? मोबाईलवरून! मोबाईलवरूनसुद्धा आवाज ओळखला! सगळी आली, एक मागं राहिलं नाही!"

कोकऱ्यांनी बशीतला चहा संपवला. तोंड पुसलं. गाडीभोवती माना वर करून ओरडणाऱ्या त्या कळपाकडं बघत म्हणाले,

"आली खरी, साहेब. आता ह्यांना पाला कोण टाकणार? मोबाईल?"