वरच्या मजल्यावरचं स्कॉटिश कुळ

मुलांनो, मी जर्मनीत डार्मश्टाटला तुमच्या काकाकडे राहायला गेले होते, तेव्हा त्याच्या वरच्या मजल्यावर एक अमेरिकन आजोबा राहत. त्यांच्याइतका कुळाचा अभिमान असलेला माणूस मी पाहिलेला नाही, आणि हे मी सगळा जन्म पुण्यात काढून लिहिते आहे. त्यांचे पूर्वज स्कॉटलंडहून अमेरिकेत गेलेले. ते स्वतः सैन्याबरोबर जर्मनीत आले, एका जर्मन बाईशी लग्न करून तिथेच राहिले, आणि ती गेल्यावर त्यांच्यापाशी उरलं ते हे कुळ.

आमची पहिली भेट जिन्यात झाली. जानेवारीची थंडी, माझ्या अंगावर स्वेटरवर स्वेटर, आणि वरून एक पिकलेला गृहस्थ गुडघ्यापर्यंतचा चौकड्यांचा घागरा घालून कचऱ्याची पिशवी घेऊन उतरतो आहे. मी भिंतीकडे तोंड केलं. तुमची काकू घरात आल्यावर म्हणाली, "अहो आई, तो त्यांच्या कुळाचा पोशाख आहे. आज त्यांच्यातल्या कुठल्यातरी गव्हर्नरचा वाढदिवस असेल."

"वारलेल्या?"

"हो, वारलेल्याच. जिवंत असतात त्यांना ते फोन करतात."

मला इंग्रजी येतं हे कळल्यावर ते रोज चहाला येऊ लागले. अमेरिकेत काहीही घडलेलं असो, त्यांच्या कुळातला एक जण तिथे हजर असे. एक न्यायाधीश, एक सिनेटर, नव्या तऱ्हेचं बूच शोधून काढणारी एक बाई, आणि फाशी गेलेला एक घोडेचोर. चौघांचीही नावं ते सारख्याच थाटात घेत. घोडेचोराचं ऐकून मी कप खाली ठेवला. आपल्याकडे असा कोणी निघाला तर घरात त्याचं नाव काढत नाहीत. माझा चेहरा बघून ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, त्याने फक्त उत्तम जातीचेच घोडे चोरले."

जर्मनीत रविवारी आवाज करायला बंदी, भिंतीत खिळासुद्धा ठोकायचा नसतो. आजोबा मात्र सिनेटरच्या स्मरणार्थ रविवारी दुपारी बॅगपाइप, म्हणजे तो स्कॉटिश पिशवीचा बाजा, फुंकत. तळमजल्यावरच्या बाई एकदा तणतणत भांडायला वर गेल्या. त्यांना बसवून आजोबांनी सबंध कुळ ऐकवलं. पुढच्या रविवारी त्या सकाळीच बहिणीकडे निघून गेल्या.

त्या उन्हाळ्यात अमेरिकेत कुळाचा मेळावा होता, आणि मिरवणुकीत निशाण धरायचा मान आजोबांना मिळाला होता. निघायच्या तोंडावर ते चहाला आले ते पँट घालून. घागरा कुठे, असं मी विचारलं. अमेरिकेतल्या त्यांच्या बहिणीने फोनवर सांगितलं होतं की या भावंडांचे आजोबा त्या कुळात जन्मलेलेच नव्हते. ते अनाथ पोर, घरात आणून वाढवलेलं.

"आता तो घोडेचोरसुद्धा माझा नाही," ते म्हणाले. "मी निशाण कुठल्या तोंडाने धरू?"

मी म्हटलं, "माझे सासरे दत्तक होते. मांडीवर घेतलं त्या दिवसापासून त्यांचं गोत्र बदललं. श्राद्धाला ते याच घरच्या वाडवडिलांची नावं घेत. रक्ताचं कोणी विचारलं नाही."

"आणि हे चालतं, असं कोण ठरवतं?"

"घरातली वडील माणसं. तुमच्या घरातल्यांनी ते केव्हाच ठरवलंय. तुम्ही कोण मोडणारे?"

ते जर्मनमध्ये म्हणाले, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, आणि बॅग भरायला वर गेले.

निशाण त्यांनी धरलं. परत आल्यावर चहाला बसले की आधी त्या अनाथ पोराचं सांगत, आणि पुष्कळदा पुढे जातच नसत. एकदा मध्येच थांबून त्यांनी मला विचारलं, "मॅडम, तुमच्या सासऱ्यांचं आधीचं नाव काय होतं?"

मी आठवून पाहिलं. मुलांनो, त्या घरात मी इतकी वर्षं काढली, पण ते नाव कधी कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. सासऱ्यांच्यासुद्धा नाही.