अकरा वाजताची गोळी

माझी मावशी बावीस वर्षं एकाच मशीनवर शर्टाच्या कॉलर शिवतेय. शेजारच्या मशीनवर मी बाह्या जोडते, त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

गेल्या वर्षी तिला दोन जिने चढताना धाप लागायला लागली. बसल्या जागी छातीत धडधड. सुपरवायझर म्हणाला, "वय झालं मावशी. उद्यापासून धागे कापायला बसा." आमच्याकडे धागे कापायला बसवणं म्हणजे माणसाला अडगळीत टाकणं. मावशी म्हणाली, "खुर्ची सोडणार नाही. माझ्या वयाचं मी बघून घेईन."

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. अंगात लोह नाही, म्हणून रक्त कमी, आणि ते भागवायला हृदय दुप्पट राबतंय. असंच चाललं तर एक दिवस तेच थकेल. त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. तीन महिने मावशीने एक गोळी चुकवली नाही, तरी रक्ताचा आकडा जेमतेम हलला. सुपरवायझर रोज धाग्यांच्या टेबलाकडे बोट दाखवायचा. मलाही वाटलं, पुरे झालं आता, खुर्ची सोडावी तिने. तसं बोललेही. मावशीने आठ दिवस माझ्याशी अबोला धरला.

मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळी कशाबरोबर घेता?"

"चहाबरोबर. आणखी कशाबरोबर घेणार?"

खरंच होतं. मशीन थांबतं चहाच्या घंटेला, म्हणून आम्ही सगळ्याच औषध चहाबरोबर गिळतो. चहा लोह अंगी लागूच देत नाही, हे कोण सांगणार? तीन महिन्यांचं मुसळ केरात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता चहाच्या दोन तास आधी, नुसत्या पाण्याबरोबर घ्या.

दुसऱ्या दिवशी अकराला, घंटेला दोन तास असताना, मावशीने मशीन बंद केलं, पिंपातलं पाणी घेतलं आणि सगळ्यांसमोर गोळी गिळली. सुपरवायझर धावत आला. "घंटेआधी उठायचं नाही. नियम आहे."

"माझं हृदय घंटेवर चालत नाही, बाबा. काय लिहायचं ते लिही."

त्याने तिच्या जागी दुसरीला बसवलं. त्या दुसरीच्या कॉलर इतक्या वाकड्या आल्या की दुपारपर्यंत शंभर शर्ट बिनकॉलरचे पडून राहिले. शेवटी तोच आला. "बसा मावशी." ती बसली आणि म्हणाली, "उद्याही अकराला उठणार."

उठतेच. दोन जिने आता न थांबता चढते. तिने एकेकीला हाताला धरून रक्त तपासायला नेलं, आणि हल्ली अकराला सात मशीनं थांबतात. सर्वांत कमी आकडा माझा निघाला. तिला पुरे म्हणणारी मी, पंचवीस वर्षांची. सगळ्यांत आधी मीच उठते.