सात दिवसांचा विड्रॉल

"काळे, तुझ्या माजलगावच्या शेडचं सॅम्पल फेल आहे," मॅनेजर देशमाने साहेब फोनवर म्हणाले. "औषधाचा अंश सापडलाय. परवाचं लिफ्टिंग कॅन्सल. मी लोकल व्यापाऱ्याशी बोलतो. तू शेतकऱ्याची सही घेऊन ये."

मी मांजरसुंब्याच्या चौकात चहा पीत उभा होतो. उरलेला चहा ओतून दिला आणि मोटरसायकलला किक मारली.

मी एका पोल्ट्री कंपनीत फील्ड सुपरवायझर आहे. आमच्या धंद्यात पिल्लं, खाद्य आणि औषधं कंपनी देते. शेड, पाणी आणि मेहनत शेतकऱ्याची. पक्षी तयार झाला की कंपनीची गाडी येऊन भरून नेते. त्याला आम्ही लिफ्टिंग म्हणतो. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे फ्राइड चिकन विकणारी एक फास्ट फूड कंपनी. त्यांच्या दोन अटी आहेत. पहिली अट वजनाची. पक्षी सरासरी सव्वा ते दीड किलोच्या मध्येच हवा. त्यांच्या प्रत्येक दुकानात तुकडा ठरलेल्या मिनिटांत तळून काढतात. तळणारा माणूस घड्याळाकडे बघतो, तुकड्याकडे बघायला त्याला फुरसत नसते. पक्षी मोठा निघाला तर हाडाजवळचं मांस कच्चं राहतं.

दुसरी अट औषधाची. कोंबड्या आजारी पडल्या की आम्ही पाण्यातून अँटिबायोटिक देतो. ते काही दिवस त्यांच्या अंगात राहतं. पूर्ण उतरेपर्यंत पक्षी विकायचा नाही. त्या थांबण्याच्या काळाला विड्रॉल पिरियड म्हणतात. आमच्या औषधाचा विड्रॉल सात दिवसांचा.

सॅम्पल फेल झालं की ते शेड डीलिस्ट होतं. म्हणजे पुन्हा पिल्लं मिळत नाहीत. आणि फेल झालेले पक्षी कुठे जातात? ते लोकलला जातात, गावोगावच्या चिकन सेंटरवर. तिथे लॅब नसते. असे काही लॉट माझ्या सहीने गेले आहेत. मी स्वतः घरात ब्रॉयलर खाणं सोडलं होतं. बायकोला सांगितलं होतं, सोमवार, गुरुवार आणि शनिवार धरलेत. उरलेल्या दिवशी मला भूक नसायची.

हे शेड कौसाबाई आणि बन्सी या नवराबायकोचं. लग्नापासून दोघं ऊसतोडीला जायचे. दिवाळी आली की कोयते बांधून ट्रॅक्टरवर बसायचं, ते उन्हाळ्यातच परतायचं. पाच वर्षांपूर्वी त्यांनी शेड घातलं आणि जाणं थांबलं. दोन्ही मुली गावच्या शाळेत सलग बसायला लागल्या. थोरली यंदा दहावीला जाणार होती. शेड बंद म्हणजे पुन्हा ट्रॅक्टर. मुलींसकट.

मी पोचलो तेव्हा कौसाबाई शेडच्या भिंतीवर खडूने आकडे लिहीत होती. रोजचं खाद्य, रोजची मर, दिलेलं औषध, सगळं ती भिंतीवर लिहायची.

"कौसाबाई, औषध कधी दिलं?"

"हे काय, भितीवर लिवलंय. कोंबड्या शिंकायल्या होत्या. तुमीच दिलेलं औषध. काल बंद केलं."

"काल? अहो, परवा गाडी होती! सात दिवसांचा विड्रॉल असतो. फॉर्मवर सही आहे तुमची."

"हाय की. विड्रॉल सात दिवस. म्या एकदा बी मोडला न्हाई. ह्यांना इचारा."

"मग हे काय?"

"सायेब, गाडी गेली की सात दिस मी बँकंकडं फिरकत बी न्हाई. आठव्या दिशी जाते. पैसे आलेले असत्यात."

मला काही कळेना. बन्सी मदतीला आला. "विड्रॉलची स्लिप हो, सायेब. बँकंची. तुमी म्हनलाव सात दिस थांबा. आमी थांबलाव."

मी खाद्याच्या पोत्यावर बसलो. कंपनी लिफ्टिंगनंतर आठवड्याभरात पैसे जमा करते. त्यामुळे दर बॅचला त्यांचा अर्थ बरोबर निघत होता. चूक कळायला जागाच नव्हती. आधीच्या बॅचना शेवटी औषध लागलं नव्हतं, म्हणून निभावलं होतं.

मी खरा अर्थ सांगितला. कौसाबाईने डोक्यावरचा पदर नीट केला.

"म्हंजे म्हशीवानी?"

"कसं?"

"म्हशीला विंजेक्शन दिलं की तीन दिस तिचं दूध आमी डेरीला घालत न्हाई. वायलं काढताव. लेकराला देत न्हाई, कुत्र्याला बी देत न्हाई. हे तर शेरडं राखनाऱ्या म्हातारीला बी ठाऊक हाय. आन् तुमी पाच वर्सं तेच इंग्रजीत सांगायलाव?"

वायलं म्हणजे वेगळं. बन्सीला हसू फुटलं.

"तुमी काय हसायलाव?" ती त्याच्यावर उखडली. "दिवाळीला कोयता धरायचा हाय, धार लावून ठिवा."

बन्सीचं हसू तिथेच विरलं.

माझ्या खिशात फॉर्म होता. 'शेतकऱ्याने विड्रॉलचा नियम मोडला' असं त्यावर छापलेलं. दर बॅचच्या फॉर्मवर मी भरायचो तोच एक रकाना त्याच्याही मागच्या पानावर आहे: शेतकऱ्याला विड्रॉलबद्दल प्रशिक्षण दिले, होय किंवा नाही. अकरा वर्षं मी 'होय' लिहीत आलो. बहुतेक वेळा मोटरसायकलच्या टाकीवर फॉर्म ठेवून. नियम कुणी मोडला असेल तर तो मी मोडला होता, आणि सही मात्र तिची घ्यायला आलो होतो.

फॉर्म खिशातच ठेवला. शेडबाहेर येऊन मॅनेजरला फोन लावला.

"साहेब, लोकलला पाठवायचं नाही. सात दिवस लॉट थांबवू."

"आणि वजन? आज किती आहे?"

"एक किलो दोनशे साठ."

"सात दिवसांत पावणेदोनला जाईल. मग कोण घेणार?"

"वाढ धरून ठेवतो."

"कोंबडी आहे ती काळे, ट्रक नाही ब्रेक मारायला. व्यापारी तयार आहे. शेड डीलिस्ट कर आणि मोकळा हो."

"साहेब, प्रशिक्षणाचा रकाना मी खोटा भरलाय. तसं गिऱ्हाइकाच्या क्वालिटीच्या मॅडमना मेल करतोय. तुम्हाला कॉपी ठेवतो."

"लॉट वाया गेला तर तुझ्या सहीवर जाईल," ते म्हणाले.

"आजवर माझ्याच सहीवर जात होते, साहेब."

तासाभराने मॅडमचा फोन आला. वयाने माझ्या निम्म्या, पण आवाज हेडमास्तरांचा. "हे तुम्ही लेखी दिलंय, लक्षात आहे ना?"

"हो."

"मी पुढच्या सोमवारी सकाळी येते. किट घेऊन. सरासरी दीड किलोच्या वर गेली तर टेस्ट न करताच परत जाईन."

कामाला लागलो. नुसतं औषध बंद करून भागत नाही. टाकीच्या आतल्या शेवाळात ते राहतं. कोंबड्या खालच्या भुशात चोच मारतात, विष्ठेतून पडलेलं औषध पुन्हा पोटात जातं. कौसाबाई टाकीत उतरली आणि काथ्याने ती आतून घासून काढली. बन्सीने आणि मी वरचा भुसा ओढून काढला, नवा पसरला. तीन हजार पक्ष्यांच्या मधून, मे महिन्यात, पत्र्याखाली. मी सुपरवायझर झाल्यापासून शेडमध्ये खोरं पहिल्यांदाच धरलं. दुपारपर्यंत हाताला फोड आले.

"सायेब, पेनानं येत न्हाईत तसले फोड," कौसाबाई म्हणाली.

वजनासाठी खाद्याची भांडी दोरीने वर ओढायची ठरली. उन्हाळ्यात भर दुपारी आम्ही तसंही खाद्य काढतो, उष्म्याने पक्षी मरू नयेत म्हणून. इथे ती वेळ वाढवली. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, बाकी नुसतं पाणी. रोज सकाळी पन्नास पक्षी काट्याला लावायचे. मंगळवारी एक दोनशे नव्वद. बुधवारी एक तीनशे वीस. गुरुवारी एक तीनशे पंचेचाळीस. भिंतीवर आकडे सरळ ओळीत चढत होते.

शुक्रवारी एक चारशे पंधरा.

"काटा बिघडला का?" मी विचारलं.

कौसाबाईने काट्याकडे बघितलंच नाही. ती नवऱ्याकडे बघत होती. "दुपारी मी दळनाला गेलते, तवा भांडी कुनी खाली सोडली?"

बन्सी पायाच्या अंगठ्याने भुसा उकरत होता. "लई वरडायल्या होत्या गं. ऐकवना मला."

"ऐकलं का, सायेब? बायकूचं ऐकवत न्हाई ह्या मानसाला. कोंबडीचं ऐकतंय!"

मी रागवायला हवं होतं. पण अकरा वर्षांत ज्याने कुणाचंच ऐकलं नव्हतं असा माणूस तिथे मी एकटाच होतो. तीन दिवस उरले होते आणि पंच्याऐंशी ग्रॅम. आम्ही दोरीच्या गाठी कौसाबाईच्या ताब्यात दिल्या. ती दुपारभर शेडच्या दारात बाज टाकून बसायची. बन्सीला फक्त पाणी भरायची परवानगी होती.

सोमवारी मॅडम आल्या. सोबत देशमाने साहेबही. मॅडमनी पक्षी स्वतः निवडले, शेडच्या चारही कोपऱ्यांतून. सरासरी निघाली एक किलो चारशे ऐंशी. त्यांनी मान हलवली आणि बॅग उघडली. मांसाचा बारीक तुकडा कुटून, द्रावणात मिसळून, थेंब एका पट्टीवर टाकायचे आणि थांबायचं.

"एक रेघ आली तर फेल," मॅडम म्हणाल्या. "दोन आल्या तर पास."

बन्सी बाहेर जाऊन लिंबाखाली उभा राहिला. कौसाबाई पट्टीवर वाकली. पहिली रेघ आली. नंतर काही नाही. देशमाने साहेबांनी घड्याळ बघितलं. मी माझ्या हाताच्या फोडांकडे बघत होतो. मग पट्टीवर आधी धुरकट आणि हळूहळू ठळक अशी दुसरी रेघ उमटली.

"दोन!" कौसाबाई ओरडली. "अहो, आत या! दोन रेघा आल्या!" आणि मॅडमकडे वळून, "आशाताईच्या पट्टीवर दोन आल्या की दिवस गेले म्हनत्यात. कोंबड्या तशातल्या तर न्हाईत ना?"

हेडमास्तरांसारख्या मॅडम डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी भरली. मॅडमनी नेलेल्या सॅम्पलचा लॅबचा रिपोर्टही तसाच आला. सगळा लॉट गिऱ्हाइकाने घेतला, शेड यादीत राहिलं.

त्या सोमवारी जाताना मॅडमनी विचारलं होतं, "यांना विड्रॉल आता कसा समजावला?"

"मी नाही समजावला. त्यांनीच मला सांगितला. औषध दिल्यावर वायले दिवस पाळायचे."

त्यांनी तो शब्द वहीत लिहून घेतला. देशमाने साहेब गाडीत बसता बसता मला म्हणाले, "ब्रेक लागला बुवा." त्यानंतर त्यांनी व्यापाऱ्याचं नाव माझ्यापुढे काढलेलं नाही.

पुढच्या महिन्यात मी माझ्या सगळ्या शेडवर एकच प्रश्न घेऊन फिरलो: विड्रॉल म्हणजे काय? बहुतेकांनी बँक सांगितली. धर्मापुरीकडच्या एका बागायतदार पुढाऱ्याने मिशीवर हात फिरवत सांगितलं, "अर्ज मागं घ्यायची मुदत. पन ती सात दिवसांची कधी झाली?" मी प्रत्येकाला म्हशीच्या दुधाची आठवण करून दिली. एकालाही दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. तेव्हापासून माझं एकही सॅम्पल फेल गेलेलं नाही आणि एकही लॉट लोकलला गेलेला नाही. आधी गेलेले परत आणता येत नाहीत. ते कुणाच्या ताटात गेले, हे मला कधीच कळणार नाही.

पोळ्यानंतर कौसाबाईच्या शेडवर होतो. ऊसतोडीचा मुकादम आला. हे लोक हंगामाआधी जोडप्यांना आगाऊ पैसे देऊन बांधून घेतात. त्याला उचल म्हणतात.

"बन्सी, औंदा उचल कधी घेतोस बे?"

"बुधवारी," बन्सी म्हणाला.

मुकादम खूश झाला. "किती कोयते?"

"कोयते कावून? गाडी येनार हाय. तीन हजार कोंबड्यांची उचल हाय बुधवारी. येतूस का भरू लागायला?"

आतून कौसाबाईच्या थोरलीचा मोठ्याने भूगोल वाचायचा आवाज येत होता. मुकादम पाणी पिऊन गेला.

मी बन्सीपुढे लिफ्टिंगचा फॉर्म धरला. आता माझी एक पद्धत आहे. कळलं का, असं मी विचारत नाही. तसं विचारलं की माणूस हो म्हणतो. काय कळलं, असं विचारतो, आणि उत्तर ऐकून मगच पेन पुढे करतो. अकरा वर्षं खोटा रकाना भरल्याबद्दल कंपनीने मला मेमो दिला. तो बरोबर होता. फक्त इंग्रजीत होता.