अध्यक्षांचं चूलबंद आमंत्रण

चहा निवला तरी चालेल, पण मला मध्ये तोडू नका. माणसाच्या हातून चुका होतात म्हणतात. माझ्या हातून फारशा होत नाहीत, माझ्या सगळ्या तोंडातून होतात. आणि आता काय सांगू, ही जी झाली ती अख्ख्या कॉलनीला जेवायला बसवून झाली.

तर मी जळगावातल्या आमच्या कॉलनीच्या रहिवासी संघाचा अध्यक्ष. निवडणूक वगैरे काही झाली नव्हती. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन घरी बसलो आणि आठवड्याच्या आत आमच्या मंगलनं, म्हणजे बायकोनं, शेजारच्या इकबालभाईंना गाठलं. "इकबालभाई, यांना काहीतरी काम द्या हो. दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात येऊन डबे उघडून पाहतात." इकबालभाई तेव्हाचे अध्यक्ष. वेल्डिंगचं दुकान सांभाळून संघाला कंटाळलेले. त्यांनी संघाचा शिक्का खिशातून काढून तिथेच फाटकावर माझ्या हातात ठेवला आणि इतकं मोकळं हसले की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

कॉलनीत गल्ल्या दोन. पुढची आमची, मागची नानांची. नाना म्हणजे मागच्या गल्लीतला शेवटचा शब्द. शिंदखेड्याकडचा माणूस, पांढरी टोपी, बोलणं अस्सल अहिराणी, आणि रागही अस्सल. पाणी आधी पुढच्या गल्लीला येतं आणि मागच्या गल्लीपर्यंत पोचेस्तोवर नळाची नुसती धार उरते, यावरून दोन्ही गल्ल्यांचं बोलणं बंद. कॉलनीच्या मोबाइल ग्रुपचं नाव होतं 'आपली कॉलनी एकजूट'. मागच्या गल्लीनं त्यातून बाहेर पडून दुसरा ग्रुप काढला होता. त्याचंही नाव 'आपली कॉलनी एकजूट'.

दोन गल्ल्यांच्या मधोमध कॉलनीची मोकळी जागा. मोकळी कसली, गाजरगवत आणि फुटक्या कुंड्या. पालिकेतल्या साहेबांनी मला सांगितलं होतं, "दोन्ही गल्ल्यांची मिळून सभा घ्या, एक ठराव आणा, मग भिंतीचं, झाडांचं बघू." आता सभा घ्या म्हणणं सोपं आहे. आमच्या सभेला मी, इकबालभाई आणि अक्का एवढेच येत असू. त्यातही अक्का येत असे ते खुर्ची मिळते म्हणून.

अक्का आमच्या समोर राहते. एकटी. गुडघे गेलेले, तरी रोज संध्याकाळी रस्त्याच्या कडेकडेनं फिरायची. एकदा मागून आलेल्या मोटारसायकलीनं तिला पाडलं आणि तेव्हापासून तिचं फिरणंच बंद झालं. ओट्यावर बसून नुसती रस्ता बघत राहायची. ते मला बघवेना. मी एकदा बोलून गेलो, "अक्का, या हिवाळ्यात तुला मैदानात बाकावर बसवतो." त्यावर ती शांतपणे म्हणाली, "बसव भाऊ. मी आहे तोवर बसव." पाहा, शब्द मी असा देतो आणि मग रात्रभर कूस बदलत बसतो.

म्हणून ठरवलं, सभेला लोक येत नाहीत ना, मग भरिताला बोलवायचं. थंडीचे दिवस, बामणोदची हिरवी वांगी बाजारात आलेली, कापसाच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचा वास सुटला की खान्देशी माणूस घरात थांबतच नाही. आधी भरीत-पुरी, मग ठराव. मंगललाही पटलं. फक्त तिनं निघताना बजावलं, "हे बघा, घरातून एक माणूस असंच सांगा. वांगी पुरतील आणि सभाही होईल."

इथे एक गोष्ट समजून घ्या. आमच्याकडे जेवणाचं आमंत्रण दोन तऱ्हेचं. एक माणूस म्हणजे घरातून एकानं यायचं. आणि चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही. म्हातारे, पोरं, भाडेकरू आणि त्या दिवशी त्या छपराखाली जो पाहुणा असेल तोसुद्धा, सगळे आपल्याकडे जेवणार. चूलबंद देणाऱ्याला छाती लागते. घेणाऱ्यालाही नाही म्हणता येत नाही, कारण नाही म्हटलं तर तो अपमान. हे सगळं मला चांगलं ठाऊक होतं हो. म्हणून तर जास्त वाईट वाटतं.

पुढची गल्ली मी शहाण्यासारखी केली. प्रत्येक दारात एक माणूस, एक माणूस. मग मागच्या गल्लीत शिरलो. नाना ओट्यावर बसलेले. मी नमस्कार केला, रविवारी मैदानात भरिताला या म्हटलं.

नानांनी टोपी सारखी केली. "कितला मानसे?"

"घरातून एक, नाना."

"एकच?" नाना गालातल्या गालात हसले. "पानीनागत जेवनबी मोजीसन देतस का?"

आता तिथे गप्प बसायचं ना. पण आजूबाजूच्या ओट्यांवरचे लोक माझ्याकडे पाहायला लागले आणि माझ्यातला अध्यक्ष उभा राहिला. "चूलबंद," मी म्हणालो. "तुमचं एकट्याचं घर नाही नाना, अख्खी मागची गल्ली चूलबंद."

"आनि पुढली?"

"पुढचीही चूलबंद."

"इचार करीसन बोला, अध्यक्ष."

"विचार करूनच बोलतो."

विचार मी खरंच केला होता. सभेला तिघे येतात, भरिताला फार तर तीस येतील. नाना उठले, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "मंग येसूत. बठ्ठा येसूत." सगळेच येणार! इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला हात जोडले. मी छाती काढून, पुढच्या गल्लीतही दारोदार चूलबंद सांगत घरी आलो.

मंगल लसूण सोलत होती. मी सगळं सांगितलं. तिनं लसूण खाली ठेवला.

"रविवारी नानांकडे कोण येतंय, माहीत आहे?"

"कोण?"

"त्यांच्या नातीला बघायला नरडाण्याहून पाहुणे. दोन क्रूझर भरून."

मी स्टुलावर बसलो. "नव्या सोयऱ्यांना कोणी मैदानात भरिताला आणतं का?"

"तुम्ही चूलबंद दिलंय. आता त्यांनी घरी चूल पेटवली तर तुमचा अपमान. आणि तुमच्याकडे जेवण कमी पडलं तर सोयऱ्यांसमोर त्यांचा."

"परत घेऊ का?"

तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी स्वतःच तो प्रश्न परत घेतला. "थोडी वांगी वाढवू," मी म्हणालो.

वाढवली. आचारीही सांगितले, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांचं पीठही वाढवलं. रविवारी सकाळी मैदानातलं गवत काढून इकबालभाईंनी आणि मी काड्या पेटवल्या. वांगी फुटायला लागली, लसूण-मिरची ठेचली गेली, कांद्याची पात चिरून पडली, दाणे आले. खिशात माझं 'एकजुटीचं महत्त्व' या विषयावरचं भाषण तयार होतं. अक्काला खुर्चीवर बसवून मैदानात आणलं. सगळं कसं झकास चाललं होतं, भो.

मग माणसं यायला लागली. आणि येतच राहिली. ज्या घरात मी आजवर नवरा-बायको दोघंच पाहिली होती, तिथून आजोबा निघाले, मावशी निघाली, परीक्षेसाठी राहायला आलेले भाचे निघाले. चूलबंद आहे म्हटल्यावर लोकांनी मुद्दाम लेकी-जावई बोलावून घेतले होते. खुद्द अक्कानं फैजपूरहून लेक बोलावली होती, सासरच्या मंडळींसकट. मी तिच्याकडे पाहिलं तर म्हणाली, "तूच म्हणालास ना चूलबंद? मग मी म्हटलं, येऊ दे पोरीला."

एक पंगत उठली, दुसरी उठली. पातेल्याचा तळ दिसायला लागला. आचाऱ्यानं पिठाचं रिकामं घमेलं माझ्यासमोर उलटं करून दाखवलं. आणि नेमक्या तेव्हाच दोन क्रूझर मैदानाशी येऊन थांबल्या.

नाना कडक इस्त्रीत. सोयऱ्यांना घेऊन थेट माझ्याकडे आले आणि मोठ्या अभिमानानं सांगितलं, "ह्या आमना अध्यक्ष. यास्नी बठ्ठी कॉलनीले चूलबंद दिन्हं." मुलाच्या वडिलांनी माझा हात हातात घेतला. "मोठं मन शे, भाऊ." मला वाटलं, जमीन दुभंगावी. पण आमची जमीन मुरमाड, ती काही दुभंगली नाही.

मी नानांना बाजूला घेऊन खरं सांगितलं. वाटलं, आता चार माणसांत काढतील माझी. पण त्यांचा नुसता चेहरा उतरला. मग हळूच म्हणाले, "अध्यक्ष, मन्ही नातना सवाल शे." त्या आवाजात पाण्याचं भांडण कुठेही नव्हतं. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू.

"नाना, सगळ्यांनी आपापल्या घरी चूल पेटवू, डबे आणू," मी म्हणालो.

नानांची सून पदर सावरत पुढे आली. "कसं पेटवणार? चूलबंद घेतलंय ना आम्ही. आता घरची चूल पेटवली तर उद्या तुम्हीच म्हणाल, मागच्या गल्लीनं मान ठेवला नाही." पुढच्या गल्लीतल्या बायकांनी माना हलवल्या. आजवर कधी एक न झालेल्या दोन्ही गल्ल्या माझ्या मानासाठी उपाशी राहायला तयार झाल्या. हसावं की रडावं सांगा.

तेवढ्यात खुर्चीवरून अक्का बोलली. "घरची चूल बंद ना? मैदानातली कोणी बंद केली?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"अरे बघता काय? शेगड्या आणा इथे. घरात काडी ओढू नका, पीठ-मीठ मात्र घेऊन या. मान घरात राहील आणि माणसं जेवतील."

पाच मिनिटांत मैदानाचं रूप पालटलं. कोणी गॅसची शेगडी आणली, कोणी सिलिंडर खांद्यावर घेऊन आलं. इकबालभाईंनी दुकानातून लोखंडी पत्रा आणला, घासूनपुसून तीन दगडांवर ठेवला, झाला भाकरीचा तवा. त्यांच्या घरून भाभी पिठाचा डबा घेऊन आल्या. नानांकडे चूल पेटवली नसली तरी, न जाणो म्हणून सोयऱ्यांसाठी शेवभाजीची तयारी होतीच, ती निम्मी चिरलेली, निम्मी वाटलेली तशीच पातेल्यातून मैदानात आली. तिखट किती घालायचं यावरून दोन्ही गल्ल्यांच्या बायकांत वाद झाला. पण पहिल्यांदाच पाण्याशिवाय दुसऱ्या कशावरून तरी झाला, हेही काही कमी नाही.

"भाऊ, चूल पेटवायला कागद आहे का?" अक्कानं विचारलं. माझ्या खिशात एकच कागद होता. एकजुटीचं महत्त्व चांगलं पेटलं.

बघण्याच्या कार्यक्रमात जी नानांची नात पोह्यांची ताटली घेऊन खाली मान घालून बसली असती, ती पदर खोचून पत्र्यावर भाकरी टाकत होती. मुलाची आई थोडा वेळ उभी राहून पाहत होती, मग बांगड्या मागे सारून शेजारी बसली आणि पीठ मळायला लागली. दोघी काय बोलल्या कोण जाणे, पण हसण्याचा आवाज आम्हाला ऐकू येत होता. पंगत उठल्यावर ती बाई नानांना म्हणाली, "पोरगी आमले पसंत शे. पन पहिले तिले विचारा." नानांनी टोपी काढून डोळे पुसले. धूर फार झाला होता म्हणाले.

मग तिथेच सभा झाली. मैदानाला भिंत, कडेनं कडुनिंब आणि अक्कासाठी बाक, हे सगळं मी एका वाक्यात मांडलं, कारण भाषण जळलं होतं. दोन्ही गल्ल्यांचे हात वर गेले. पाण्याच्या वेळेचंही बसून बोलू, असं नाना सगळ्यांसमोर म्हणाले. आज त्या मैदानात बाक आहे. इकबालभाईंनी त्याच पत्र्याचं बसणं करून स्वतः जोडला. अक्का संध्याकाळी तिथे बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, यावर भाकऱ्या भाजल्या होत्या.

पण त्या दिवशी मी उठायला लागलो तर नानांनी हात धरून खाली बसवलं.

"थांबा. आखो एक ठराव शे." नाना उभे राहिले. "यानापुढे कॉलनीनं आमंत्रन अध्यक्ष देवाव नही. अध्यक्षनी बायको देई."

अनुमोदन इकबालभाईंनी दिलं, तेही उभं राहून. मंगलचा हात सगळ्यात आधी वर गेला. मग पुढची गल्ली, मागची गल्ली, फैजपूरची मंडळी, आणि मत देण्याचा काडीचाही हक्क नसलेल्या दोन क्रूझरसुद्धा. संघ स्थापन झाल्यापासून एवढा मोठा पाठिंबा कशालाच मिळाला नव्हता. नानांनी सगळीकडे नजर फिरवली आणि शेवटी माझ्याकडे पाहिलं. एकमतानं मंजूर म्हणायला एकच हात कमी पडत होता.

केला मी वर. सगळ्यांच्या वर गेलेल्या हातांना भरीत नाहीतर शेवभाजी लागलेली होती, मी जेवायचाच राहिलो होतो, माझाच तेवढा कोरडा होता.