शिजलेली फिल्म परत न शिजवणारा

शिरूरच्या स्टँडामागे लग्नाच्या डीव्हीडी करणारा एकजण होता. प्रत्येक वाक्य "तसं नसतंय आजी" इथूनच सुरू करायचा, मी काही विचारलेलं नसलं तरी. कॉम्प्युटरवर फिल्म तयार व्हायला लावली की तिला तो शिजवणं म्हणायचा आणि तेवढा वेळ असा हळू बोलायचा, जणू आत बाळंतीण निजली आहे.

नातीच्या लग्नाच्या फिल्ममध्ये तिच्या दौंडच्या मामेसासऱ्यांचा आहेर कापला गेला. ते रुसले. आहेर दिसल्याशिवाय भाचेसून दिवाळीला माहेरी जाणार नाही, असं त्यांनी बजावलं. मी दुकानात जाऊन बसले.

"तेवढाच मधी घाल की रं."

"तसं नसतंय आजी. मधी घातला तर समदी फिल्म परत शिजवावी लागतीय. दोनदा शिजवली की नवरीचं त्वांड फिकं पडतंय."

"आन् मामांचं त्वांड लग्नापासनं वाकडं हाय, त्याचं काय?"

त्यानं कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवला. मग फिल्मला न शिवता त्यानं आहेराचा तुकडा वेगळा शिजवला. डीव्हीडी लावल्यावर पहिली जी पाटी येते, तिच्यावर 'लग्न' होतं. त्याखाली त्यानं 'मामांचा आहेर' टाकलं. ते दाबलं की नुसते मामाच.

मामा इतके खूष झाले, की आता पाहुण्यांना लग्न दाखवतच नाहीत. नात दिवाळीला आली, पण पाटीवर आपलं नाव नाही म्हणून चुलतसासरे रुसल्याची बातमी घेऊन आली. मी ती दुकानात जाऊन सांगितली.

"रुसू द्या की," तो म्हणाला. "पाटीवर लई जागा हाय."