पहिला खिळा

आमच्या ह्यांच्या गॅरेजमध्ये भिंतीवर पाच खिळे आहेत. गाडी आली की तिची किल्ली खिळ्यावर. पण जो आधी आला तो पहिला, असं नाही हं! ज्याचं गाडीवाचून अडतं, त्याची किल्ली पहिल्या खिळ्यावर. किल्ल्या लावायचं काम माझं. हे पहिली किल्ली काढतात नि कामाला लागतात. पंचवीस वर्षांत मला एकदाही विचारलं नाही, हीच का म्हणून.

त्या आठवड्यात नर्सबाईंची हॅचबॅक आली. अंथरुणातून न उठणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन जखमा बांधणारी बाई ती. गाडीचं एक दार दोरीने बांधलेलं, रंग उडालेला, नि ब्रेक धड लागत नव्हता. किल्ली पहिल्या खिळ्यावर.

तासाभराने शर्यतीची जुनी गाडी आली, तीही ट्रकवर बसून! लालभडक, दोनच माणसांची, म्हणे एके काळी सगळ्यांना मागे टाकायची. मालकाला रविवारच्या प्रदर्शनात ती सुरू करून मिरवायची होती.

"वहिनी, आमचं तेवढं आधी बघा. इथे तुमच्याच शब्दाला मान आहे, कळतं हो मला."

झालं! हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या पाठी. मी नर्सबाईंची किल्ली दुसऱ्या खिळ्यावर सरकवली.

दोन दिवस हे त्या लाल बयेच्या इंजिनात डोकं घालून बसले. तिसऱ्या दिवशी नर्सबाई आल्या.

"झाली का हो?"

"उद्या नक्की."

"एका आजोबांची पट्टी आजच बदलायला हवी. हळू नेते मी."

मी किल्ली दिली. ह्यांना हाक मारली असती तर हे गाडीपुढे आडवे पडले असते. म्हणूनच मारली नाही.

उतारावर गाडी भिंतीवर आदळली. बाईंचं मनगट मोडलं, आजोबांची पट्टी राहिली ती राहिलीच.

दुसऱ्या दिवशी चेपलेली हॅचबॅक ओढून आणली, तेवढ्यात मालक हजर.

"हा पत्र्याचा डबा कशाला मध्ये? याची नि माझ्या गाडीची बरोबरी आहे का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"नाहीच मुळी! ही रोज दहा घरी जाते. लोक दाराकडे डोळे लावून बसतात हिच्यासाठी. तुमच्या गाडीसाठी कोण बसतं हो? तिला तर इथवर यायलासुद्धा ट्रक लागतो!"

त्यांची किल्ली काढून मी शेवटच्या खिळ्यावर आपटली. मालक तणतणत गेले.

मला वाटलं, हे शाबासकी देतील. हे फडक्याला हात पुसत खिळ्यांकडे बघत राहिले.

"पहिल्या खिळ्यावर त्यांची किल्ली दिसली," ते म्हणाले. "मला वाटलं, तू लावलीस म्हणजे कुणाचं तरी खरंच अडलं असणार."

त्या मेल्या मालकाला शिव्या घालायच्या सोडून मी नर्सबाईंची किल्ली पहिल्या खिळ्यावर लावली.

हे हॅचबॅकखाली शिरले. बाईंचा हात बरा व्हायच्या आत गाडी तयार झाली. आता हे रोज सकाळी पहिली किल्ली काढतात, हातात धरतात आणि मला विचारतात, "हीच ना?"