वणीतल्या दोन खुर्च्या आणि सायंटॉलॉजी

"ताई, मी लेकाकडं नागपूरले कायमची चालली. त्याच्याआंधी एकदा येऊन जाय." वणीच्या माझ्या मावसबहिणीचा, संगीताचा, असा फोन आला आणि मी अमरावतीहून निघाले. भांडण? छे! भाऊजी कोळसा खाणीतून रिटायर झाल्यापासून तिच्याशी बोलतच नव्हते.

यवतमाळला गाडी बदलली. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे वाचलेले पैसे स्टँडबाहेरच्या तर्री-पोह्यांवर खुशाल उडवा. करंजीपर्यंत दोन्हीकडे फुटलेला कापूस, मारेगावनंतर कोळशाचे ट्रक. खिडकीची जागा मुळीच घेऊ नका. माझा रुमाल कामातून गेला.

संगीताने मोबाइलवर सायंटॉलॉजी शोधून काढली होती. अमेरिकेत निघालेला हा धर्म नवरा-बायको, नोकरी, मनातली भीती अशा रोजच्या अडचणींवर सराव सांगतो म्हणे.

"म्हणजे आपला देव सोडायचा?"

"नाई वो! करून पाहा म्हनतात. पटलं तर घ्या."

मला त्यात विशेष काही वाटलं नाही. नवसही आपण असेच करून पाहतो.

सराव असा: खुर्च्या समोरासमोर ठेवायच्या आणि एक शब्द न बोलता एकमेकांकडे पाहत बसायचं. बोलायचं नाही म्हटल्यावर भाऊजी लगेच तयार! दोघं अंगणात बसले. पण आमच्या वऱ्हाडात टीव्ही बंद, दार सताड उघडं आणि घरची माणसं गप्प, याचा अर्थ एकच. शेजारच्या काकू डोक्यावर पदर घेऊन आल्या आणि मुकाट ओट्यावर बसल्या. मागून आणखी दोघी. मग म्हातारे काकाजी आले, भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कवा झालं रे, बापू?"

मला हसू आवरेना.

"कोनी मेलं नाई, काकाजी," भाऊजी म्हणाले. "बायको चालली मले सोडून. जाऊ नको, एवढंबी म्हनता येत नाई मले."

माझं हसू जागीच विरलं. संगीता उठली आणि आत चहा ठेवायला गेली. चहा येतोय म्हटल्यावर काकूंनी पदर खाली घेतला. चहा मात्र फार उशिरा आला, आणि संगीताचे डोळे लाल होते.

मी परत आले. त्या धर्माचं खरंखोटं मला ठाऊक नाही. सराव तर धड झालाच नाही. परवा संगीताचा फोन आला.

"गेली का नागपूरला?"

"थांबली सध्या. काल जेवता जेवता म्हनाले, भाजीत मीठ कमी हाय."

"घ्या! सुरू झाल्या तक्रारी."

"हाव ना ताई," म्हणता म्हणता ती रडायलाच लागली. "अन् मलेच सांगितलं."